कॉन्टॅक्ट लेन्सचा कागद वाचताना

चष्मा वापरणाऱ्या माणसाला आपला नंबर तोंडपाठ असतो. ‘उजवा पाच, डावा सव्वातीन आणि थोडा सिलिंडर’ एवढं सांगितलं की काम होतं, अशी वर्षानुवर्षांची सवय असते. मग कधीतरी कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायचं ठरतं, तपासणी होते, आणि हातात आलेल्या कागदावर ओळखीचं फारसं काही दिसत नाही. पाचाच्या जागी पावणेपाच आलेले असतात. सिलिंडर कमी झालेला असतो. शिवाय ८.६, १४.२ असे आकडे असतात, जे चष्म्याच्या कागदावर कधीच नव्हते.

मी लेन्स बसवून देण्याचं काम करते. या क्षणी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘यांनी काहीतरी चुकीचं लिहिलंय’ अशी शंका मी अनेकदा पाहिली आहे. शंका येणं चांगलंच आहे. आपल्या डोळ्यावर काय बसणार आहे ते समजून घ्यायलाच हवं. म्हणून हा कागद ओळीने कसा वाचायचा, ते इथे सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, कुणाची १३–१४. लेन्स मात्र थेट बुबुळावर, म्हणजे पारपटलावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत असते. दोन्ही कागदांतले बहुतेक सगळे फरक या १२ मिलिमीटरांमुळे पडतात. काच लांब असते तेव्हा तिला फक्त प्रकाश नीट वळवायचा असतो. लेन्सला प्रकाशही वळवायचा असतो आणि डोळ्यावर नीट बसायचंही असतं. त्यामुळे लेन्सच्या कागदावर दोन जातींचे आकडे असतात: काही दिसण्याचे, काही बसण्याचे.

समजायला सोपं जावं म्हणून एकाच माणसाचे दोन कागद शेजारी ठेवते.

चष्म्याचा कागद
उजवा डोळा: −५.००
डावा डोळा: −३.२५, सिलिंडर −१.५०, ॲक्सिस १७८

लेन्सचा कागद
उजवा डोळा: पॉवर −४.७५, बेस कर्व्ह ८.६, डायमीटर १४.२
डावा डोळा: पॉवर −३.२५, सिलिंडर −१.२५, ॲक्सिस १८०, बेस कर्व्ह ८.७, डायमीटर १४.५

लेख संपेपर्यंत या दोन कागदांमधला एकेक फरक उलगडेल.

पहिली पायरी: कोणता डोळा

काही कागदांवर ‘उजवा’, ‘डावा’ असं सरळ लिहिलेलं असतं. बऱ्याच कागदांवर मात्र ‘ओडी’ आणि ‘ओएस’ ही इंग्रजी अक्षरं असतात. मूळ शब्द लॅटिन आहेत: ‘ऑक्युलस डेक्स्टर’ म्हणजे उजवा डोळा, ‘ऑक्युलस सिनिस्टर’ म्हणजे डावा. मराठी माणसाची इथे हमखास फसगत होते, कारण ‘ओडी’तला ‘डी’ पाहिला की मनात ‘डावा’ येतो. ओडी म्हणजे उजवा, हे एकदा कागदावरच पेन्सिलीने लिहून ठेवा. ‘ओयू’ असं दिसलं तर तो आकडा दोन्ही डोळ्यांसाठी आहे.

दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर अदलाबदलीने फार बिघडत नाही. आपल्या उदाहरणातल्या माणसाने मात्र उजवी लेन्स डाव्या डोळ्यात घातली, तर दीड नंबरचा फरक पडेल आणि डोकं धरेल.

दुसरी पायरी: पॉवर, म्हणजे आपला ‘नंबर’

या रकान्यावर ‘पॉवर’, ‘स्फिअर’, ‘एसपीएच’, ‘पीडब्ल्यूआर’ किंवा नुसतं ‘डी’ असं काहीही असू शकतं. सगळ्यांचा अर्थ एकच. ‘डी’ म्हणजे डायॉप्टर, लेन्सची ताकद मोजायचं एकक.

डायॉप्टरचा हिशेब साधा आहे. एकाला त्या आकड्याने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं. −२.०० नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं पुसट होत जातं. −४.०० असेल तर ही हद्द २५ सेंटिमीटरवर येते, −५.०० असेल तर २० वर. उणे नंबर म्हणजे लांबचं पुसट, हे यातून आपोआप कळतं. अधिक नंबरच्या डोळ्याची गोष्ट उलटी: त्याला प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आणायला जास्तीची ताकद लागते आणि त्रास मुख्यतः जवळचं पाहताना होतो.

नंबर पाव-पावाने चढतो. २.००, मग २.२५, २.५०, २.७५. आपल्याकडे सव्वादोन, अडीच, पावणेतीन असे तयार शब्द आहेत, त्यामुळे बोलताना अडचण येत नाही. लिहिताना मात्र दशांशचिन्ह गाळू नका. ±६.०० च्या पुढे बऱ्याच मऊ लेन्स पावाऐवजी अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात.

आता उजव्या डोळ्याचे पाचाचे पावणेपाच का झाले? उणे नंबरचा चष्मा नाकावरून घसरला की समोरची पाटी पुसट होते आणि बोटाने वर सरकवला की पुन्हा नीट दिसते, हे चष्मा वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काच डोळ्याच्या जवळ आली की उणे ताकद जास्त लागू पडते. मग तीच ताकद थेट डोळ्यावर ठेवायची तर ती थोडी कमी करावी लागणार. अधिक नंबरात उलट होतं, तिथे ताकद वाढवावी लागते. १२ मिलिमीटर धरून हिशेब केला की साधारण असे आकडे येतात:

चष्मा −४.०० → लेन्स −३.७५
चष्मा −५.०० → लेन्स −४.७५
चष्मा −८.०० → लेन्स −७.२५
चष्मा −१०.०० → लेन्स −९.००
चष्मा +५.०० → लेन्स +५.२५
चष्मा +६.०० → लेन्स +६.५०

चारच्या आत हा फरक इतका लहान असतो की तो धरत नाहीत. −८.०० चं हिशेबाने −७.२५ आलं, तरी त्या कंपनीच्या लेन्स तिथे अर्ध्याच्या टप्प्याने मिळत असतील, तर कागदावर −७.०० किंवा −७.५० दिसेल. कोणतं घ्यायचं ते चाचणीची लेन्स घालून, समोरचा तक्ता वाचायला लावून ठरतं. ही यादी कागद समजण्यासाठी आहे. तिच्यावरून स्वतःच लेन्स मागवू नका.

या रकान्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे आकड्याच्या आधीची छोटी आडवी रेघ. −२.२५ ऐवजी +२.२५ आली तर चूक साडेचार डायॉप्टरची होते. कागदावर रेघ फिकट उमटली असेल तर जागेवरच विचारा आणि गडद करून घ्या. ‘०.००’, ‘प्लॅनो’ किंवा ‘पीएल’ लिहिलं असेल तर त्या डोळ्याला नंबर नाही.

आणखी एक सांगते. मोठ्या उणे नंबरच्या चष्म्यातून जग जरा लहान दिसतं, लेन्समधून ते थोडं मोठं दिसतं. पहिल्या दिवशी जिन्याची पायरी किंवा हातातला कप वेगळ्याच अंतरावर वाटला तर घाबरू नका, हे त्याच १२ मिलिमीटरांचं काम आहे आणि काही दिवसांत सवय होते.

तिसरी पायरी: बेस कर्व्ह

इथून बसण्याचे आकडे सुरू होतात. कागदावर ‘बीसी’ किंवा ‘बेस कर्व्ह’ असतं आणि पुढे ८.३ ते ९.० च्या आसपासचा आकडा, मिलिमीटरमध्ये. लेन्सची डोळ्याला टेकणारी आतली बाजू एखाद्या चेंडूचा तुकडा आहे असं समजा. त्या चेंडूची त्रिज्या म्हणजे बेस कर्व्ह. ८.६ म्हणजे १७.२ मिलिमीटर व्यासाचा चेंडू. चेंडू लहान असेल तर पृष्ठभाग जास्त वळलेला, मोठा असेल तर जास्त सपाट. त्यामुळे बेस कर्व्हचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स खोल. नवख्यांचा इथे गोंधळ होतो, कारण ‘जास्त आकडा म्हणजे जास्त वळण’ असं सहज वाटतं.

पारपटलाची समोरची वक्रता सरासरी ७.८ मिलिमीटर त्रिज्येची असते. तपासणीत हनुवटी टेकवून एका यंत्रात पाहायला लावतात, तेव्हा हीच वक्रता मोजली जाते. त्या मापाला ‘के रीडिंग’ म्हणतात आणि ते कधी मिलिमीटरमध्ये, कधी डायॉप्टरमध्ये लिहितात. ३३७.५ ला त्रिज्येने भागलं की डायॉप्टर मिळतात, ७.८ चे सुमारे ४३.२५ होतात. तुमच्या कागदाच्या कोपऱ्यात ४२, ४३, ४४ असे आकडे दिसले तर ते हेच. तो तुमचा ‘नंबर’ नव्हे.

मग डोळा ७.८ चा आणि लेन्स ८.६ ची, असं का? मऊ लेन्स पारपटलापुरती थांबत नाही. तिची कड पुढे पांढऱ्या भागावर जाते, आणि तो भाग जास्त सपाट असतो. ओल्या कापडासारखी ती दोन्हींवर पसरते. म्हणून तिची वक्रता पारपटलापेक्षा सपाट ठेवतात.

बसणं चुकलं तर काय होतं? लेन्स फार सपाट असेल तर ती सैल पडते. पापणी मिटली-उघडली की घसरते, क्षणभर पुसट दिसतं, कड टोचते. हा त्रास लगेच कळतो आणि माणूस तक्रार घेऊन येतो. मला जास्त काळजी वाटते ती उलट चुकीची. लेन्स फार खोल असेल तर ती घट्ट बसते, जागची हलत नाही, आणि सुरुवातीला छानच वाटते. पण लेन्सने प्रत्येक उघडझापीला अगदी थोडं, मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं तरी हलायला हवं. त्या हलण्याने तिच्याखालचे अश्रू बदलतात, साचलेला कचरा निघून जातो. घट्ट लेन्सखाली हे थांबतं. संध्याकाळी डोळे लाल होतात, लेन्स काढल्यावर बुबुळाभोवती गोल वळ दिसतो. तसं दिसलं तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका. पहिल्या तासात लेन्स आरामदायक वाटली म्हणजे ती नीट बसली असं होत नाही. म्हणूनच चाचणीची लेन्स घालून काही दिवसांनी पुन्हा बोलावतात, आणि ती फेरी चुकवू नये.

बऱ्याच मऊ लेन्स एक किंवा दोनच बेस कर्व्हमध्ये बनतात. त्यामुळे तुमचा आणि तुमच्या मैत्रिणीचा बेस कर्व्ह सारखाच निघाला तर आश्चर्य नाही. मात्र एका कंपनीची ८.६ दुसऱ्या कंपनीच्या ८.६ सारखीच बसेल असं समजू नका. द्रव्याचा कडकपणा, जाडी, कडेची घडण यांवर बसणं ठरतं, आणि यातलं काहीच त्या एका आकड्यात येत नाही.

कडक लेन्स, म्हणजे ‘आरजीपी’, वापरणाऱ्यांसाठी हा रकाना फार नाजूक आहे. तिथे आकडे ७.६०, ७.६५ असे ०.०५ च्या टप्प्याने लिहितात. कडक लेन्स आकार बदलत नाही, त्यामुळे तिच्या आणि डोळ्याच्या मधला अश्रूंचा थर स्वतःच एक छोटी लेन्स बनतो. बेस कर्व्ह ०.०५ ने बदलला की या थराची ताकद सुमारे पाव नंबराने बदलते आणि लेन्सची पॉवरही तेवढीच बदलावी लागते. कडक लेन्सच्या कागदावरचा एक आकडा एकटा बदलून चालत नाही.

चौथी पायरी: डायमीटर

‘डीआयए’ म्हणजे लेन्सचा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पारपटल आडवं सुमारे १२ मिलिमीटर असतं. मऊ लेन्सने ते सगळीकडून झाकून थोडं बाहेर यायला हवं, म्हणून ती साधारण १३.८ ते १४.५ ची असते. कडक लेन्स पारपटलापेक्षा लहान, ९–१० मिलिमीटरची असते. पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या स्क्लेरल लेन्स १५ च्या पुढे जातात.

बेस कर्व्ह तोच ठेवून व्यास वाढवला तर लेन्सची खोली वाढते आणि ती अधिक घट्ट बसते. म्हणून हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचायचे. आपल्या उदाहरणात डाव्या डोळ्याचे बसण्याचे आकडे वेगळे आहेत, याचा अर्थ तो डोळा वेगळ्या आकाराचा आहे असा नाही. डाव्याला सिलिंडर आहे, आणि सिलिंडरची लेन्स त्याच कंपनीची असली तरी तिची घडण अनेकदा वेगळी असते.

पाचवी पायरी: सिलिंडर आणि ॲक्सिस

हे दोन रकाने रिकामे असतील तर ही पायरी सोडून पुढे जा. भरलेले असतील तर सावकाश वाचा, कारण लेन्सच्या कागदावर सर्वांत जास्त प्रश्न इथेच पडतात.

चमचा उपडा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. लांबीच्या दिशेने वळण कमी, रुंदीच्या दिशेने जास्त. काही डोळ्यांचं पारपटल असं, दोन दिशांना दोन वक्रतांचं असतं. अशा डोळ्याला एका दिशेला एक नंबर लागतो आणि त्याच्या काटकोनात दुसरा. यालाच दृष्टिवैषम्य म्हणतात, बोलीत ‘तिरका नंबर’. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातल्या या दोषाचं वर्णन केलं होतं. दोन दिशांच्या नंबरांमधला फरक म्हणजे सिलिंडर (‘सीवायएल’), आणि तो कोणत्या दिशेला लावायचा हे सांगणारा कोन म्हणजे ॲक्सिस (‘एएक्स’), १ ते १८० अंशांत. १८० म्हणजे आडवी दिशा, ९० म्हणजे उभी. हा कोन समोर बसून तुमचा डोळा पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडून वरच्या दिशेने मोजतात, आणि दोन्ही डोळ्यांसाठी एकाच पद्धतीने. ॲक्सिस ही ताकद नव्हे, ती फक्त दिशा आहे. १८० पाहून ‘एवढा मोठा नंबर?’ म्हणून दचकलेली माणसं मी पाहिली आहेत.

असा दोष सुधारणाऱ्या लेन्सला टोरिक म्हणतात. चष्म्यात ही दिशा जपणं सोपं असतं, काच फ्रेममध्ये पक्की असते. डोळ्यावरची गोल लेन्स मात्र फिरू शकते. तिला सरळ ठेवण्यासाठी खालचा भाग थोडा जाड ठेवतात किंवा वर-खाली पातळ करून पापण्यांच्या दाबाने ती जागेवर राहील अशी घडवतात. लेन्सवर बारीक रेघा कोरलेल्या असतात, घड्याळातल्या सहाच्या जागी किंवा तीन आणि नऊच्या जागी. त्या रेघा पाहून तपासणाऱ्याला लेन्स किती वळली ते कळतं.

वळण्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. लेन्स १० अंश चुकीची बसली तर सिलिंडरचा सुमारे एकतृतीयांश दोष शिल्लक राहतो. ३० अंश चुकली तर मूळ दोषाइतकाच नवा दोष उभा राहतो, म्हणजे सिलिंडर घातला काय आणि न घातला काय, सारखंच. काही डोळ्यांवर लेन्स दर वेळी ठरावीक अंशांनीच वळते. मग तपासणारी व्यक्ती तेवढे अंश आधीच वजा किंवा मिळवून कागदावर ॲक्सिस लिहिते. समोरून पाहताना लेन्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळत असेल तर मिळवायचे, उलट वळत असेल तर वजा करायचे. तुमच्या चष्म्याचा ॲक्सिस १६० आणि लेन्सचा १७० असेल, तर कारण हे असू शकतं. स्वतः ‘दुरुस्त’ करू नका, विचारून घ्या.

आता उदाहरणातला डावा डोळा पाहू. मऊ टोरिक लेन्सचा ॲक्सिस सहसा १०-१० अंशांच्या टप्प्याने मिळतो, म्हणून १७८ चे १८० झाले. दोन अंशांनी काही बिघडत नाही. सिलिंडरही सहसा −०.७५, −१.२५, −१.७५, −२.२५ अशा ठरावीक मापांतच बनतो. चष्म्यातला −१.५० डोळ्याजवळ आणल्यावर सुमारे −१.३७ होतो, आणि त्याच्या जवळचं मिळणारं माप −१.२५. दोन मापांमध्ये अडकलं की बहुधा लहान सिलिंडर निवडतात. तो डोळ्याला सहज मानवतो आणि लेन्स जरा वळली तरी नुकसान कमी होतं.

कधी चष्म्याच्या कागदावर सिलिंडर अधिक चिन्हाने लिहिलेला असतो. लेन्सवर तो नेहमी उणे चिन्हाने येतो. वरचाच डावा डोळा −४.७५, सिलिंडर +१.५०, ॲक्सिस ८८ असाही लिहिता येतो आणि अर्थ अगदी तोच राहतो. रूपांतर असं: पॉवर आणि सिलिंडर यांची बेरीज करा, −४.७५ आणि +१.५० मिळून −३.२५. सिलिंडरचं चिन्ह उलटा, −१.५०. ॲक्सिसमध्ये ९० मिळवा, बेरीज १८० च्या वर जात असेल तर मिळवण्याऐवजी ९० वजा करा. इथे ८८ चे १७८ होतात. दोन कागद जुळत नाहीत असं वाटलं तर आधी हे करून बघा. अर्धे ‘घोळ’ इथेच मिटतात.

आणि चष्म्यात −०.५० सिलिंडर आहे पण लेन्सच्या कागदावर मुळीच नाही, असं असेल तर? इतक्या लहान सिलिंडरसाठी अनेकदा साधी लेन्सच देतात आणि सिलिंडरचा अर्धा भाग पॉवरमध्ये मिळवतात. −२.५० वर −०.५० सिलिंडर असेल तर लेन्स −२.७५ ची. कडक लेन्समध्ये तर पारपटलाचा सिलिंडर बऱ्याच अंशी अश्रूंचा थरच भरून काढतो, म्हणून तिथे सिलिंडर कागदावर नसला तरी काही चुकलेलं नसतं.

सहावी पायरी: ॲड, चाळिशीसाठी

चाळिशी हा शब्द आपण वयालाही वापरतो आणि चष्म्यालाही, इतकं ते नातं जुनं आहे. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं आणि जवळचं वाचायला जास्तीची ताकद लागते. ती ताकद ‘ॲड’ या रकान्यात लिहितात, नेहमी अधिक चिन्हाने: +१.००, +१.७५, +२.५०. काही कंपन्या आकड्याऐवजी ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ असे तीनच टप्पे ठेवतात.

मल्टिफोकल लेन्समध्ये लांबचा आणि जवळचा नंबर एकाच वेळी डोळ्यासमोर असतात आणि मेंदू हवं ते चित्र निवडायला शिकतो. शिकायला वेळ लागतो, काही आठवडेही. पॉवरच्या शेजारी ‘डी’ किंवा ‘एन’ अक्षर दिसलं तर ‘डी’ म्हणजे प्रबळ डोळ्यासाठीची (पाहताना मेंदू ज्या डोळ्यावर जास्त भर देतो त्यासाठीची) घडण आणि ‘एन’ म्हणजे दुसऱ्या डोळ्यासाठीची. इथे ‘डी’चा डायॉप्टरशी संबंध नाही, डाव्याशीही नाही.

दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा. त्यात ॲडचा रकाना रिकामाच राहतो. एक डोळा लांबच्यासाठी आणि दुसरा जवळच्यासाठी ठेवतात. दोन्ही डोळे −३.०० असलेल्या माणसाच्या कागदावर एकीकडे −३.०० आणि दुसरीकडे −१.५० दिसेल. ही छपाईची चूक नाही.

उणे नंबरवाल्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर एक लक्षात ठेवावं. लेन्स घातल्यावर जवळचं वाचताना डोळ्याला चष्म्यापेक्षा थोडं जास्त ताणावं लागतं. चष्म्यात बारीक अक्षर जमतं आणि लेन्समध्ये जमत नाही, ही तक्रार खरी असते, नुसता भास नसतो.

सातवी पायरी: नाव, मुदत आणि बाकीचं

लेन्सचं पूर्ण नाव हा प्रिस्क्रिप्शनचाच भाग आहे. त्या नावात द्रव्य, जाडी, कडा, सगळं येतं. नाव बदललं तर बसणं पुन्हा तपासावं लागतं, आकडे जुळत असले तरी. हेच कारण आहे की चष्म्याच्या कागदावरून लेन्स मागवता येत नाही, आणि लेन्सच्या कागदावरून चष्माही बनवता येत नाही. चष्म्याला लागणारं दोन बाहुल्यांमधलं अंतर लेन्सच्या कागदावर नसतं. लेन्स बुबुळासोबतच फिरते, तिला त्याची गरज नाही.

बदलण्याची मुदत रोज, पंधरा दिवस किंवा महिना अशी लिहिलेली असते. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून महिना. मधले दहा दिवस घातली नाही म्हणून ती दहा दिवस जास्त चालत नाही. ‘रात्री काढावी’ असं लिहिलं असेल तर दुपारच्या झोपेलाही काढावी.

खोक्यावर पाण्याचं प्रमाण टक्क्यांत दिसेल, आणि कधी ‘डीके/टी’ हा आकडा, म्हणजे लेन्समधून ऑक्सिजन किती जातो त्याचं माप. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, ते ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतं, म्हणून या मापाला अर्थ आहे. १९८४ मध्ये होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी दिवसा घालायच्या लेन्ससाठी सुमारे २४ आणि झोपेत घालायच्या लेन्ससाठी सुमारे ८७ अशी किमान पातळी मांडली होती. पाण्याचं प्रमाण जास्त म्हणजे डोळा जास्त ओला राहील, हा मात्र गैरसमज आहे. जास्त पाण्याच्या काही लेन्स लवकर सुकतात.

कागदाला स्वतःची मुदतही असते, पुष्कळ ठिकाणी एक ते दोन वर्षं. नंबर बदलला नसला तरी ती पाळा. त्या तपासणीत नंबराबरोबर पारपटलाची प्रकृतीही पाहिली जाते.

ज्यांना नंबर नाही पण रंगीत लेन्स हवी आहे, त्यांनाही हाच कागद लागतो. पॉवरच्या जागी ०.०० येईल, पण बेस कर्व्ह आणि डायमीटर डोळा तपासूनच ठरतील. हौसेसाठी घातलेली लेन्सही डोळ्यावरच बसते. दुसऱ्या कुणी घातलेली लेन्स तर कधीच घालू नये.

आठवी पायरी: कागद आणि खोकं समोरासमोर

लेन्स हातात आल्यावर पहिल्यांदा उघडण्याआधी पाच मिनिटं काढा. उजव्याचं खोकं उजवीकडे, डाव्याचं डावीकडे, मध्ये कागद. नाव, पॉवर, चिन्ह, बेस कर्व्ह, डायमीटर, आणि असल्यास सिलिंडर, ॲक्सिस, ॲड, या क्रमाने बोट ठेवून जुळवा. मग खोक्यातली एक पट्टी काढून तिच्या झाकणावरचे आकडे पाहा. तेच आकडे तिथे बारीक अक्षरांत पुन्हा छापलेले असतात, आणि डोळ्यात जाणार आहे ते पट्टीतलं, खोकं नव्हे. ॲक्सिस १८ आहे की १८०, हे नीट बघा. वाळूच्या घड्याळाची खूण किंवा ‘ईएक्सपी’ याच्यापुढची तारीख बंद पाकिटाची आहे. उघडल्यानंतरची मुदत वेगळी.

झाकणाचा फोटो काढून ठेवा, ‘एलओटी’च्या पुढच्या आकड्यासकट. प्रवासात लेन्स हरवली किंवा त्या खेपेत दोष निघाला तर तो फोटो कागदापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आकडे जुळले, तरीही

सगळं जुळूनही दिसत नसेल, तर आधी लेन्स उलटी तर घातली नाही ना ते बघा. बोटाच्या टोकावर ठेवल्यावर ती वाटीसारखी दिसायला हवी. कडा बाहेर पसरल्या असतील तर उलटी आहे. टोरिक लेन्स घातल्यावर स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ द्या. एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, असं पाहिलं की कोणत्या बाजूला गडबड आहे ते कळतं आणि तपासायला जाल तेव्हा नेमकं सांगता येतं. पापणी हलली की पुसट होतं, की सतत पुसट असतं, हेही लक्षात ठेवा. पहिलं बहुधा बसण्याचं किंवा वळण्याचं लक्षण असतं, दुसरं बहुधा नंबराचं.

पण डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर अचानक मंदावली असेल, तर आकड्यांचा विचार बाजूला ठेवा. लेन्स लगेच काढा, दुसरी घालू नका आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काढलेली लेन्स फेकू नका. ती डबीत ठेवा, आणि डबी, द्रावणाची बाटली आणि पट्टीचं झाकण असं सगळं सोबत न्या. संसर्ग असेल तर जंतू कोणता ते शोधायला डबी आणि लेन्स उपयोगी पडतात, आणि तुमच्या डोळ्यावर नेमकं काय होतं ते झाकणावरून डॉक्टरांना लगेच कळतं.